पडद्यावरचा वाद्यवृंद आणि पडद्यामागचे गळे

गतकाळाविषयींची हुरहुर ही कांहीं एकट्या आमच्या देशाची मिरास नव्हे. अमेरिकेंत आज पासष्टीच्या घरांत असलेल्या मंडळींस त्यांच्या बाळपणाविषयीं विचारावें, तर शाळा, अंगण व आजी यांच्या बरोबरीनें एक उत्तर हटकून येतें. तें म्हणजे शनिवारची सकाळ. सी. बी. एस., एन. बी. सी. व ए. बी. सी. या तीन मोठ्या दूरचित्रवाणी-संस्था शनिवार सकाळचे तास मुलांसाठीं राखून ठेवीत, आणि त्या वेळीं हालत्या चित्रांच्या गोष्टी एकामागून एक दाखवीत. वडील माणसें निजलेलीं, घरांत सामसूम, आणि मुलें रात्रीच्याच कपड्यांनिशीं पडद्यापुढें ठाण मांडून बसलेलीं, असा तो थाट असे. त्या सकाळींच्या कार्यक्रमांपैकीं जे अद्याप विसरले गेले नाहींत, त्यांत चित्रांतील वाद्यवृंदांच्या मालिकांचें स्थान बरेंच वरचें आहे. आणि त्या मालिकांतही १४ सप्टेंबर १९६८ रोजीं सी. बी. एस. वर सुरू झालेल्या 'आर्ची शो'ची आठवण फार जिव्हाळ्यानें काढली जाते.

शाळेच्या वार्षिक अंकांत हा विषय कशाला, असें कोणी पुसेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, आर्ची हा आमच्या विद्यार्थ्यांस परका नाहीं. त्याच्या रंगीत चित्रकथा इंग्रजी शिकणाऱ्या भारतीय मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनीं आगगाडीच्या प्रवासांत व क्वचित् वर्गांत पुस्तकाआड धरूनही वाचल्या आहेत. आणि २०२३ सालीं झोया अख्तर यांनीं त्याच पात्रांना १९६४ सालच्या एका काल्पनिक हिंदी थंड हवेच्या गांवीं, अँग्लो-इंडियन समाजांत वसवून हिंदी चित्रपटही काढला. शिवाय या मालिकेच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे, व तो आज पूर्वींपेक्षां अधिक निकडीचा झाला आहे. त्याकडे आम्ही ओघानें येऊंच.

आर्ची अँड्र्यूज हा तांबड्या केसांचा पोर प्रथम अवतरला तो १९४१ सालच्या डिसेंबरांत, 'पेप कॉमिक्स'च्या बाविसाव्या अंकांत. बॉब मोंटाना यांनीं त्याचें रूप रेखाटलें. त्या काळच्या चित्रकथांत उडणारे व ठोसे मारणारे वीरच फार. त्यांच्या गर्दींत रिव्हरडेल नांवाच्या गांवचा हा धांदरट शाळकरी मुलगा, त्याचा खादाड मित्र जगहेड, तोरा मिरविणारा रेजी, आणि बेटी व व्हेरोनिका या दोन मुली, एवढ्या भांडवलावर तें प्रकाशन चाललें आणि टिकलें. सत्तावीस वर्षांनीं फिल्मेशन या कॅलिफोर्नियांतील चित्रशाळेनें हीं पात्रें पडद्यावर आणलीं, तेव्हां त्यांच्या हातीं वाद्यें दिलीं. आर्चीच्या गळ्यांत गिटार आली, जगहेड ड्रमापाशीं बसला, व्हेरोनिका ऑर्गनवर, बेटीच्या हातीं खंजिरी. अर्ध्या तासांत दोन गोष्टी, मध्यें एक नाच आणि एक गाणें, असा साचा ठरून गेला. या मालिकेस काळही अनुकूल मिळाला. १९६८ सालच्या जूनमध्यें रॉबर्ट केनेडी यांचा खून झाल्यावर मुलांच्या कार्यक्रमांतील मारामारीविरुद्ध पालकांत मोठा क्षोभ उसळला होता. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्समध्यें कांहीं मातांनीं मुलांच्या दूरचित्रवाणीच्या सुधारणेसाठीं संघटनाही काढली. ज्यांत कोणी कोणाला मारीत नाहीं, फार तर रेजी आर्चीच्या खोड्या काढतो, अशी मालिका त्या वेळीं संस्थाचालकांना हवीच होती.

आतां या मालिकेचे दोष सांगावयाचे तर ते डोळ्यांवर येण्याइतके ढळढळीत आहेत. चित्रपट सेकंदास चोवीस चौकटींच्या वेगानें धांवतो. उत्तम चित्रशाळा त्यासाठीं सेकंदास बारा ते चोवीस निरनिराळीं चित्रें काढीत. शनिवार सकाळच्या कारखान्यांस ही चैन परवडत नव्हती. देह स्थिर ठेवून ओठ तेवढे हलवावे, चालणारा मनुष्य जागच्या जागीं चालवून पाठीमागचें दृश्य सरकवावें, आणि एकदां काढलेलें चित्र शक्य तितक्या ठिकाणीं पुन्हा वापरावें, ही काटकसरीची विद्या फिल्मेशननें चांगलीच आत्मसात् केली होती. त्यामुळें गाणें कोणतेंही असो, आर्चीचा हात गिटारीवरून त्याच तऱ्हेनें फिरतो आणि जगहेड डोळे मिटून तसाच ड्रम बडवितो. तालाशीं त्या हाताचा संबंध असेलच असें नाहीं. ज्यांना त्या चित्रांत आज कलेचा परमोत्कर्ष दिसतो, त्यांच्या प्रेमाचा आम्ही आदर करितों. त्यांच्या दृष्टीचा मात्र करवत नाहीं.

दुसरा आक्षेप व्यापाराचा. तोही खरा आहे. या मालिकेच्या संगीताची धुरा डॉन कर्शनर यांच्याकडे होती, आणि हे गृहस्थ नुकतेच एका कटु अनुभवांतून गेले होते. १९६६ सालीं 'मंकीज' नांवाचा चार तरुणांचा एक वाद्यवृंद दूरचित्रवाणीसाठीं मुद्दाम जमविण्यांत आला. त्यांचीं गाणीं निवडण्याचें काम कर्शनर यांच्याकडे होतें. थोड्याच काळांत ते चौघे म्हणूं लागले कीं आमचीं वाद्यें आम्हीच वाजविणार. तंटा विकोपास गेला आणि १९६७ च्या आरंभीं कर्शनर यांनाच निरोप मिळाला. त्यानंतर त्यांनीं ज्या वाद्यवृंदाची धुरा उचलली, तो शाईचा व रंगाचा होता. चित्रांतील पोरें उलट बोलत नाहींत, पगारवाढ मागत नाहींत, म्हातारींही होत नाहींत. धंद्याच्या दृष्टीनें यापरता आदर्श गवई कोणता? त्यांच्या तबकड्या न्याहरीच्या धान्याच्या खोक्यांवर छापून निघत. मुलांनीं धान्य संपवावें, पुठ्ठा कातरावा आणि ती तबकडी यंत्रावर लावावी! आवाज खरखरीत निघे, पण निघे. आमच्याकडे गोळ्यांच्या डब्यांत शिट्टी घालून देण्याची युक्ति आहे; ती याच कुळांतली.

परंतु वस्तु विकण्यासाठीं केली म्हणून तिच्यांत जीव नसतो, असें आम्हांस वाटत नाहीं. १९६९ सालीं या काल्पनिक वाद्यवृंदाच्या नांवें 'शुगर, शुगर' हें गाणें प्रसिद्ध झालें. जेफ बॅरी व अँडी किम या दोघांनीं तें रचिलें. सप्टेंबरांत तें अमेरिकेंतील 'बिलबोर्ड'च्या यादींत पहिलें आलें व चार आठवडे तेथें राहिलें. इंग्लंडांत तर आठ आठवडे. वर्षअखेरीस 'बिलबोर्ड'नें त्यास त्या सालचें पहिल्या क्रमांकाचें गाणें ठरविलें. हें साल कोणतें, तें ध्यानांत घ्यावें. याच वर्षीं माणूस चंद्रावर उतरला, वुडस्टॉक येथें लाखो तरुण संगीतासाठीं चिखलांत बसले, आणि बीटल्सचा 'अॅबी रोड' निघाला. अशा वर्षीं सर्वांच्या पुढें कोण निघून गेलें, तर साखरेचें गोडवें गाणारीं, मुळांत अस्तित्वांतच नसलेलीं पांच पोरें! जाणत्यांनीं नाकें मुरडलीं व या जातीच्या संगीतास 'बबलगम', म्हणजे चघळण्याचा डिंक, असें नांव ठेविलें. पुढच्याच वर्षीं विल्सन पिकेट या कृष्णवर्णी गायकानें आपल्या भरदार, खरबरीत गळ्यानें तेंच गाणें म्हटलें, आणि त्या चालीचा सांगाडा किती भक्कम आहे तें ऐकणारांस कळून आलें. मुलांसाठीं सोपी चाल बांधणें हें हलकें काम आहे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं इयत्ता पहिलीस एक कविता चालीवर शिकवून पाहावी.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि आमचें खरें म्हणणें त्याविषयींच आहे. तो असा कीं, हा सगळा प्रकार खोटा; असा वाद्यवृंद नव्हताच, मग लोक हुरहुर लावून घेतात ती कशाची? आमच्या मतें हा आक्षेप चुकीच्या ठिकाणीं बोट ठेवतो. ओठ एकाचे व आवाज दुसऱ्याचा, यांत आम्हां भारतीयांस कांहींच खोटें वाटत नाहीं. आमची सारी चित्रपटसृष्टि त्यावरच उभी आहे. नटी झाडाआडून गाते आणि तो गळा तिचा नव्हे हें पांच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतें, तरी गोडी तिळमात्र कमी होत नाहीं. सोंगांत लबाडी नाहीं. लबाडी सुरू होते ती गाणाराचें नांव दडविलें जातें तेथें.

आर्चीच्या तोंडून जो गळा ऐकूं येई तो रॉन डँटे नांवाच्या तरुणाचा होता. गाणें पहिल्या क्रमांकावर गेलें तेव्हां तो अवघा चोविशींत होता. बेटी व व्हेरोनिका यांचे स्त्रीस्वर टोनी वाइन यांचे. तबकडीवर यांपैकीं कोणाचेंही नांव नव्हतें. नांव होतें 'द आर्चीज' एवढेंच. पात्रांचें नुसतें बोलणें तर आणखी निराळ्याच मंडळींकडे होतें: आर्चीसाठीं डॅल मकेनन, आणि बेटी व व्हेरोनिका या दोन्ही सवतींसारख्या भांडणाऱ्या मुलींसाठीं जेन वेब या एकट्याच बाई. म्हणजे एका चित्रामागें दोन-दोन माणसें उभीं, आणि पडद्यापुढच्या मुलाला त्यांतलें एकही ठाऊक नाहीं. त्याच वर्षीं डँटे यांनीं 'कफ लिंक्स' या दुसऱ्याही एका नामधारी वाद्यवृंदासाठीं गाणें म्हटलें व तेंही पहिल्या दहांत आलें. एकाच मनुष्याचा आवाज दोन नांवांनीं सर्व देशभर दुमदुमत होता, आणि त्याचें स्वतःचें नांव मात्र कोठेंच नव्हतें. ही गोष्ट आम्हांला गाण्याहून अधिक लक्षांत ठेवण्यासारखी वाटते.

आमच्याकडेही असें झालें आहे. म्हणून तर ती मनाला झोंबते. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटांतील जें गाणें घरोघर गाजलें, त्याच्या मूळ तबकडीवर गायिकेचें नांव 'कामिनी' असें छापलें होतें. कामिनी ही त्या चित्रपटांतील एक पात्र. लोकांनीं नभोवाणीकडे विचारणा करकरून भंडावून सोडलें, तेव्हां कोठें लता मंगेशकर हें नांव बाहेर आलें. पुढें याच लताबाईंनीं पार्श्वगायनास स्वतंत्र पारितोषिक नाहीं म्हणून एका बड्या पारितोषिक-समारंभांत गाण्याचें नाकारिलें, आणि १९५९ पासून तें पारितोषिक देण्यांत येऊं लागलें. गायकांचें तरी असें झालें, वादकांचें काय? गोव्याहून मुंबईस आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या मंडळींनीं स्वरलेखन करून हिंदी चित्रपटांचे भरगच्च वाद्यमेळ बांधले. प्रेक्षकांपैकीं कितीकांना तीं नांवें माहीत होतीं? १९७७ सालीं एका चित्रपटांतील विनोदी गाण्यामुळें गोन्साल्विस यांचें नांव सर्वतोमुखीं झालें खरें, पण म्हणणारांना तो मनुष्य खरोखरीचा आहे याचा पत्ता नव्हता. एका ठिकाणीं पात्राचें नांव माणसावर चढलें, दुसऱ्या ठिकाणीं माणसाचें नांव पात्र होऊन बसलें.

पुन्हा अमेरिकेकडे वळूं. आर्चीच्या यशानंतर चित्रांतील वाद्यवृंदांचें पेवच फुटलें. 'स्कूबी-डू' ही भुताखेतांची प्रसिद्ध मालिकाही आरंभीं एका गाणाऱ्या टोळीची गोष्ट म्हणूनच कल्पिली गेली होती. वाद्यें मागाहून गळालीं, भुतें राहिलीं. १२ सप्टेंबर १९७० रोजीं 'जोसी अँड द पुसीकॅट्स' आली. जोसी ही डॅन डिकार्लो या चित्रकाराची निर्मिति. पत्नीचेंच नांव त्यानें तिला दिलें होतें. या तीन मुलींच्या वाद्यवृंदांतील व्हॅलरी ही कृष्णवर्णी होती, आणि तिच्यासाठीं पॅट्रीस हॉलोवे या कृष्णवर्णी गायिकेची निवड संगीत-निर्माते डॅनी जॅन्सेन यांनीं केली. चित्रशाळेच्या चालकांचा विचार फिरला; तिघीही गोऱ्याच असाव्या असें त्यांच्या मनानें घेतलें. जॅन्सेन यांनीं साफ सांगितलें कीं पॅट्रीस नसेल तर मीही नाहीं. अखेर त्यांचेंच चाललें. शनिवार सकाळच्या मालिकांत नित्य दिसणारी कृष्णवर्णी मुलगी ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती. आणि पुढच्याच वर्षीं, १९७१ च्या सप्टेंबरांत, ए. बी. सी. वर जॅक्सन बंधूंची चित्रमालिका सुरू झाली. त्या घरांतून ज्या कृष्णवर्णी मुलांनीं पडद्यावर आपल्यासारखा चेहरा पाहिला, त्यांच्या हुरहुरीस कोणी पोरकट म्हणेल, तर आम्ही त्याच्याशीं वाद घालूं. त्या स्मृतींत गोडीइतकाच मानही आहे.

यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानांत येते. जुन्याविषयींचें प्रेम हें सरसकट एकच नसतें. एकाला चालीची आठवण येते, दुसऱ्याला खोक्यावरच्या तबकडीची, तिसऱ्याला व्हॅलरीची. आणि बहुतेकांना, खरें म्हणजे, त्या वेळेची. मालिका आज हवी तेव्हां पाहतां येते. परंतु तिची वाट पाहतां येत नाहीं. आठवड्यांतून एकदां, ठरल्या घटकेस, चुकली तर गेलीच, असें जें होतें तें त्या चित्रांहून मौल्यवान होतें. स्नेहसंमेलनाचा दिवस वर्षांतून एकदांच येतो म्हणून मुलें महिनाभर आधीं नाचतात. तो रोज येऊं लागला तर पडदा ओढावयालाही कोणी मिळणार नाहीं. अमेरिकेंतील सर्वसाधारण दूरचित्रवाणीवरची तशी शेवटची शनिवार-सकाळ २७ सप्टेंबर २०१४ रोजीं संपली. फिल्मेशनचें दार तर १९८९ सालींच बंद झालें होतें. ज्यांना हें सारें जसेंच्या तसें परत हवें आहे, त्यांची इच्छा पुरी होणें नाहीं, आणि त्यांत फारसें वाईटही नाहीं. परत येण्याजोगा त्यांतला भाग निराळाच आहे.

तो भाग म्हणजे नांवें. ज्यांना या मालिकेविषयीं प्रेम आहे, त्यांनीं नुसते उसासे टाकूं नयेत. त्यांनीं आपल्या नातवंडांना सांगावें कीं हा आर्ची नव्हे, हा रॉन डँटे गात आहे. असें करितां येतें, याचें ताजें उदाहरणही आहे. २०२५ सालीं 'के-पॉप डेमन हंटर्स' या चित्रपटांतील तीन काल्पनिक मुलींच्या वाद्यवृंदाचें 'गोल्डन' हें गाणें 'बिलबोर्ड'च्या यादींत पहिलें आलें. आर्चीचाच चमत्कार पुन्हा घडला. पण या खेपेस यादींत त्या पात्रवृंदाच्या नांवाशेजारीं ईजे, ऑड्री नूना व रे आमी या तिन्ही गायिकांचीं नांवें छापलेलीं होतीं. छप्पन वर्षांत जग एवढें तरी शहाणें झालें. याच्या उलट बाजूस आज असेंही होऊं लागलें आहे कीं, यंत्रास चार शब्द सांगावे आणि त्यानें क्षणार्धांत चाल, वाद्यें व गळा असें तयार गाणें हातीं द्यावें. अशा गाण्यामागें उभा असलेला मनुष्य शोधूं गेलें, तर पूर्वीं ज्यांचे आवाज त्या यंत्राला ऐकविले अशा असंख्य माणसांची गर्दी लागते, व तींतल्या एकाचेंही नांव हातीं लागत नाहीं. कर्शनर यांच्या चित्रांतील पोरांमागें निदान पगार घेणारा एक डँटे होता. आमच्या विद्यार्थ्यांनीं नवें गाणें कानीं पडतांच, हें कोण म्हणतें, असें विचारण्याची खोड लावून घ्यावी. उत्तर न मिळाल्यास पुन्हा विचारावें, नभोवाणीच्या त्या श्रोत्यांप्रमाणें.

आमच्या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेंत नाटकांतील राजाचें नांव ठळक छापतात आणि विंगेंत बसून पेटी वाजविणाऱ्या मुलाचें नांव जागेअभावीं गळतें. यंदां तें गळूं नये, एवढी सूचना आम्ही संपादकांस या निमित्तानें करून ठेवितों. जागा हवी असल्यास आमच्या लेखांतून कापावी.

राहतां राहिले डँटे. त्यांनीं पुढें बॅरी मॅनिलो यांच्या अनेक तबकड्यांची निर्मिति केली व त्या धंद्यांत नांव मिळविलें. सत्तरी ओलांडल्यावर, २०१८ पासून, ते 'टर्टल्स' या जुन्या वाद्यवृंदाच्या मुख्य गायकाच्या जागीं उभे राहून गांवोगांव गाऊं लागले. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच नांवाखालीं. फक्त या वेळीं ते स्वतः रंगमंचावर, दिव्यांच्या उजेडांत होते, आणि मधूनच 'शुगर, शुगर' सुरू केलें कीं पिकल्या केसांचे श्रोते वर पाहत. आठ वर्षांचे असतांना त्यांनीं हा आवाज ऐकला होता. तो कोणाचा, तें आतां समोर दिसत होतें.